सीगिटच्या यादीत 'आयडल'ची वेळ चुकते ती का, आणि ती ताळ्यावर कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणला आठ-दहा जणांचं ऑफिस, स्वतःच्याच सर्व्हरवर सीगिट (गिटमध्ये ठेवलेले कोडचे साठे ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्राम), साठेक रेपो, म्हणजे असे साठे. दहा आठवड्यांपूर्वी जुनी मशीन काढून नवी आणली आणि सगळे रेपो तिच्यावर हलवले. तेव्हापासून पहिल्या पानावरच्या 'आयडल' कॉलमचा, म्हणजे रेपोत शेवटचं काम होऊन किती वेळ झाला ते सांगणाऱ्या रकान्याचा, भरवसा उडालाय. बहुतेक रेपोंपुढे '२ मंथ्स' दिसतं. त्यात काल दिवसभर काम झालेले रेपोही आले आणि तीन वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेलेही. मोजक्या रेपोंपुढे वेळ अगदी बरोबर. हलवाहलवीनंतर नव्याने काढलेल्या रेपोंपुढे मात्र काहीच नाही, रकाना कोरा. सर्व्हरचं घड्याळ तपासून झालं, सीगिट काढून पुन्हा टाकून झालं, फरक शून्य. हा बग आहे का, नसेल तर साहेबांना हवी ती खरी वेळ दाखवायची कशी, आणि सीगिट सोडून गिटवेब या तशाच दुसऱ्या प्रोग्रामवर जावं का?

बग नाही. तुमचा सर्व्हर मी पाहिलेला नाही, तरी दोन गोष्टींवर पैज लावायला तयार आहे. एक, रेपो हलवताना तुम्ही 'गिट क्लोन' मिरर पर्याय लावून चालवलंत. दोन, काल काम होऊनही ज्यांच्यापुढे दोन महिने दिसतात त्या रेपोंची मुख्य ब्रांच (कामाची शाखा) 'मास्टर' नाही, 'मेन' आहे.

सीगिट पहिल्या पानासाठी रेपो उघडून शेवटचा कमिट (बदलाची नोंद) बघत असेल, असं आपण धरून चालतो. ते तसं करत नाही. पान झटपट यावं म्हणून ते रेपोच्या आत शिरतच नाही, बाहेरूनच दोन-तीन फाइली चाचपतं. आधी बघतं, रेपोच्या फोल्डरात 'इन्फो' मध्ये 'वेब' आणि त्यात 'लास्ट-मॉडिफाइड' नावाची फाइल आहे का. असली तर तिच्या पहिल्या ओळीतली तारीख घेतं आणि विषय संपला. नसली तर 'रेफ्स', त्यात 'हेड्स', त्यात मुख्य ब्रांचच्या नावाची फाइल शोधतं आणि ती डिस्कवर शेवटची कधी बदलली ती वेळ उचलतं. मुख्य ब्रांच कोणती हे कॉन्फिगमध्ये सांगितलेलं नसेल, तर या यादीपुरतं ते सरळ 'मास्टर' धरतं. तीही फाइल नसली तर 'पॅक्ड-रेफ्स' या फाइलीची बदलवेळ. तीही नसली तर कोरा रकाना.

आता हे तुमच्या लक्षणांवर ठेवून बघा. मिरर क्लोन करताना गिट सगळ्या ब्रांच सुट्या फाइलींत न ठेवता एकाच पॅक्ड-रेफ्समध्ये लिहितं. म्हणजे हलवल्याच्या दिवशी प्रत्येक रेपोत सुटी मास्टर फाइल नव्हतीच, आणि पॅक्ड-रेफ्सवर त्या दिवसाची वेळ होती. म्हणून सगळ्यांपुढे दोन महिने. पुढे ज्या रेपोंच्या मास्टर ब्रांचवर कुणी पुश केला, म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर पाठवले, तिथे सुटी मास्टर फाइल तयार झाली, आणि सीगिटला खरी वेळ सापडली. ते तुमचे 'मोजके बरोबर' रेपो. ज्यांची ब्रांच मेन आहे तिथे पुश झाल्यावर सुटी मेन फाइल तयार होते, पण तिला विचारतो कोण? सीगिट मास्टर शोधतं, सापडत नाही, पुन्हा पॅक्ड-रेफ्सकडे येतं, दोन महिने. आणि नवे रेपो: मेन ब्रांच, अजून काही पॅक झालेलं नाही, म्हणजे मास्टरही नाही आणि पॅक्ड-रेफ्सही नाही. कोरा रकाना.

नुसतं एवढंच बरं करायचं असेल तर प्रत्येक रेपोची मुख्य ब्रांच सीगिटला सांगून टाकली की बरंचसं भागेल. स्कॅन-पाथ (सीगिटने रेपो आपणच शोधायचं फोल्डर) वापरत असाल तर सीगिटच्या कॉन्फिगमध्ये 'एनेबल-गिट-कॉन्फिग' ही ओळ स्कॅन-पाथच्या ओळीच्या आधी १ करायची (नंतर लिहिली तर उपयोग होत नाही, यात माझी एक संध्याकाळ गेलेली आहे), आणि प्रत्येक रेपोच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये 'सीगिट डॉट डेफब्रांच' ला मेन लिहायचं. पण हे ठिगळ झालं. वेळ अजूनही फाइलीच्या बदलवेळेवरूनच निघतेय, आणि ती बदलवेळ गिटच्या हातातली नाही, फाइलसिस्टमच्या हातातली आहे. कुणी बॅकअपमधून रेपो परत आणताना वेळा जपायच्या विसरला की सगळे रेपो 'आत्ताच काम झालं' म्हणून हजर. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) रात्री सगळ्या रेपोंवर 'गिट जीसी' ही साफसफाई चालवली, की ते सुट्या ब्रांच-फाइली उचलून पॅक्ड-रेफ्समध्ये टाकतं, आणि सकाळी मेलेले रेपोही ताजे दिसतात. त्यात २०२४ मध्ये आलेल्या गिट २.४५ पासून रेफ (ब्रांच आणि टॅगची नावं) ठेवण्याची 'रेफटेबल' नावाची नवी पद्धत आहे. तो रेपो तसा काढला असेल तर ब्रांचच्या नावाची सुटी फाइल मुळात असतच नाही.

तेव्हा ती पहिली फाइल, 'लास्ट-मॉडिफाइड', आपणच लिहायची. सीगिटच्या कॉन्फिगमध्ये तिला 'एजफाइल' म्हणतात आणि ती ठेवलेलीच यासाठी आहे. फक्त लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि बहुतेक लोक इथेच न ठरवता पुढे जातात: त्यात लिहायची ती नेमकी कशाची वेळ?

आपल्याकडे हे आंब्यावरून पटकन कळतं. फळ झाडावरून उतरवलं तो एक दिवस. आढीतून काढून पेटी भरली तो दुसरा. पेटी वाशीला उतरली तो तिसरा. बागायतदार विचारतो तोडणी कधीची, दलाल विचारतो माल आला कधी. दोघांचेही प्रश्न योग्य, उत्तरं वेगळी. गिटमध्ये तोडणीची तारीख म्हणजे ऑथर डेट, बदल मुळात लिहिला कधी. पेटी भरल्याची तारीख म्हणजे कमिटर डेट, तो कमिट आज ज्या रूपात आहे त्या रूपात कधी बांधला. रिबेस केलंत, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या ब्रांचच्या टोकावर नव्याने लावलेत, की पेटी उघडून पुन्हा भरली. कमिटर डेट नवी होते, ऑथर डेट जुनीच राहते. या दोन्ही कमिटच्या आतच लिहिलेल्या असतात. गिटची 'कॅट-फाइल' कमांड लावून एखादा कमिट कच्चा उघडून बघा, ऑथरच्या ओळीच्या शेवटी '१७१८३७१५२२ +०५३०' असं काहीतरी दिसेल. १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद, आणि पुढे आपला साडेपाच तासांचा फरक. हा आकडा म्हणजे १४ जून २०२४, संध्याकाळचे ६ वाजून ५५ मिनिटं २२ सेकंद.

आणि वाशीला उतरल्याची तारीख? ती कमिटमध्ये कुठेच नाही. पुश कधी झाला हे गिट आपणहून लिहून ठेवत नाही. साध्या कामाच्या रेपोत निदान रेफलॉग (ब्रांच कधी हलली त्याची नोंदवही) तरी असतो, पण सर्व्हरवरच्या बेअर रेपोत, म्हणजे कामाच्या फाइली नसलेल्या रेपोत, तोही मुळात बंद असतो. म्हणजे तुमच्या साहेबांना जे हवंय, 'या रेपोत शेवटचं काही आलं कधी', ते सर्व्हरने त्याच क्षणी टिपलं नाही तर मागाहून कुठूनही काढता येत नाही.

वरचाच आकडा घ्या. १४ जून २०२४ ला शुक्रवार होता. समजा, शुक्रवारी संध्याकाळी गुहागरला घरी बसलेल्या तुमच्या माणसाने कमिट केला, तेवढ्यात पावसाने लाईट गेली, टॉवर गेला, आणि सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन त्याने पुश केला. लॉगमध्ये शुक्रवार दिसणार, आणि ते बरोबर आहे. पण पहिल्या पानावर सोमवारी 'तीन दिवस' दिसलं तर आदल्या तासाला कोड आलाय हे कुणाच्या लक्षात येणार? जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे दर आठवड्याला घडतं. पुण्यात बसून ऑथर डेट वापरणाऱ्याला याचा त्रास जाणवत नाही, कारण त्याच्या कमिट आणि पुशमध्ये दोन मिनिटांचं अंतर असतं.

सावंतवाडीच्या एका ऑफिसाला मी सीगिट बसवून दिलं तेव्हा त्याच्यासोबत येणारा तयार हुकच (ठराविक प्रसंगी गिट आपोआप चालवतं ती छोटी स्क्रिप्ट) जसाच्या तसा लावला होता. तो सगळ्या रेफ ऑथर डेटने लावतो, सर्वांत ताजी उचलतो आणि फाइलीत टाकतो. आठ दिवसांनी तिथल्या मुलाचा फोन: "काल पुश केलंय मां मी, मगे हयसर दोन म्हयने कित्याक दाखवता?" त्याने काय केलं होतं, दोन महिने बाजूला पडलेली एक ब्रांच काढून मेनवर रिबेस केली आणि पुश केली. नवीन ओळ एकही लिहिली नव्हती, म्हणून ऑथर डेट दोन महिन्यांपूर्वीची. हुकने सांगितलं ते त्याच्या हिशेबाने खरंच होतं. पण त्या मुलाचा साहेब ते पान बघून कोण काम करतंय आणि कोण नाही हे ठरवायचा, आणि पोराला उगाच बोलणी बसली. (पान बघून माणसं मोजू नका हे मी साहेबांना सांगितलं. ऐकलं असेल असं वाटत नाही.)

म्हणून माझं मत: पहिल्या पानावर पुश झाल्याची वेळ, सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे. लॉगमध्ये गिट दाखवतं त्या तारखा तशाच राहू द्या. गिटहबसुद्धा रेपोसाठी 'पुश्ड-ॲट' असा वेगळा रकाना ठेवतं, तो याचसाठी.

कृती अशी. पोस्ट-रिसीव्ह हुक पुश पूर्ण झाल्यावर चालतो, आणि बदललेली प्रत्येक रेफ त्याला एकेका ओळीत मिळते: जुना हॅश (कमिटचा ओळखक्रमांक), नवा हॅश, रेफचं नाव. नवा हॅश नुसत्या शून्यांचा असेल तर ती ब्रांच पुसली गेली. पुसणं म्हणजे काम झालं असं मी धरत नाही, त्यामुळे एखादी तरी ओळ बिनशून्याची असेल तरच वेळ लिहायची. टॅग (एखाद्या कमिटला दिलेलं कायमचं नाव) आला तर मोजतो. तुम्हाला नको असेल तर रेफचं नाव 'रेफ्स-हेड्स'ने सुरू होतंय का ते बघा. मग रेपोच्या फोल्डरात इन्फो-वेब हे फोल्डर नसलं तर बनवायचं, 'डेट' कमांडने आत्ताची वेळ आधी त्याच फोल्डरातल्या तात्पुरत्या फाइलीत लिहायची, आणि 'एमव्ही'ने तिला लास्ट-मॉडिफाइड हे नाव द्यायचं. थेट मूळ फाइलीत लिहिलं तर नेमक्या त्या क्षणी पान मागणाऱ्याला रिकामी फाइल मिळू शकते. क्वचित होतं, पण एमव्हीची एक ओळ लिहायला जड कशाला व्हावं. हुकने तोंडाने काही बोलू नये. तो जे छापतो ते पुश करणाऱ्याच्या टर्मिनलवर 'रिमोट' म्हणून उमटतं, आणि लोक घाबरून फोन करतात. पोस्ट-रिसीव्ह फसला तरी पुश परत फिरत नाही, त्यामुळे इथे चूक झाली तर कोडला धक्का नाही.

वेळ लिहिताना शेवटी '+०५३०' हवाच. सीगिटच्या माहितीपत्रकात वर्ष-महिना-दिवस आणि तास-मिनिट-सेकंद एवढंच सुचवलेलं आहे, आणि एकाच मशीनवर सगळं असेल तर तेवढ्यावर चालूनही जातं. पण झोन लिहिला नाही तर वाचणारा प्रोग्राम स्वतःचा झोन धरतो. माझ्याकडे हुक चालायचा थेट मशीनवर, भारतीय वेळेत, आणि सीगिट होतं कंटेनरात (त्याच मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात), यूटीसी या जागतिक वेळेवर. संध्याकाळी सहाचा पुश कंटेनराला यूटीसी सहाचा वाटायचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा. वेळ भविष्यातली आली तर सीगिट वजा आकडा दाखवत नाही, शून्य धरतं. परिणाम असा की प्रत्येक पुशनंतर साडेपाच तास त्या रेपोपुढे '० मिन' गोठून राहायचं आणि मग आकडा चालायला लागायचा. मी कॅशवर (एकदा बनवलेली पानं जपून ठेवण्याच्या सोयीवर) संशय घेऊन दोन दिवस काढले. शेवटी '० मिन' नेमका किती वेळ राहतो हे वहीत लिहिलं, साडेपाच तास हा आकडा दिसला आणि डोक्यावर हात मारून घेतला.

कॅशचं निघालंच तर: सीगिटची कॅश मुळात बंद असते, कारण कॅश-साइझ शून्य असतो. तुम्ही चालू केली असेल तर पहिलं पान ५ मिनिटांपर्यंत शिळं दिसणार, आणि स्कॅन-पाथमधून सापडणारा नवा रेपो यादीत यायला १५ मिनिटं लागू शकतात. साठ रेपोंना कॅशची गरज नाही.

परवानग्यांकडे मात्र लक्ष द्या. हुक चालतो 'गिट' युजरच्या नावाने, पान वाचतो वेबसर्व्हरचा युजर. गिटोलाइट (कोणत्या रेपोत कुणी लिहायचं ते ठरवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याचा यूमास्क (नव्या फाइलीच्या परवानग्या छाटणारा आकडा) मुळात ००७७ असतो, म्हणजे हुकने बनवलेली फाइल वेबसर्व्हरला उघडताच येत नाही. सीगिट तक्रार करत नाही, एरर लिहीत नाही, गुपचूप पुढच्या पर्यायावर, म्हणजे मास्टर आणि पॅक्ड-रेफ्सवर जातं. मग तुम्ही हुक पुन्हा पुन्हा तपासत बसता, आणि हुक तर बरोबर चाललेला असतो. यूमास्क ००२७ करा आणि वेबसर्व्हरच्या युजरला गिटच्या ग्रुपमध्ये घाला. आधी बनलेल्या फोल्डरांच्या परवानग्या एकदा हाताने सैल कराव्या लागतील, यूमास्क मागे जाऊन काही बदलत नाही. तपासायची सोपी रीत: 'सुडो'ने वेबसर्व्हरच्या युजरचं सोंग घ्या आणि ती फाइल 'कॅट' करून बघा. दिसली तर सीगिटलाही दिसेल.

हुक साठ ठिकाणी चिकटवत बसू नका. गिटोलाइट असेल तर त्याच्या सामाईक हुकांच्या फोल्डरात टाका आणि 'गिटोलाइट सेटअप' हुक्स-ओन्ली पर्यायाने चालवा, ते सगळीकडे जोडून देतं. गिटोलाइट नसेल तर 'कोअर डॉट हुक्सपाथ' एकाच फोल्डराकडे वळवा. ही सोय गिट २.९ पासून आहे. गिटोलाइटबरोबर मात्र हुक्सपाथ वापरू नका. त्याचं स्वतःचं अपडेट हुक प्रत्येक रेपोच्या हुक्स फोल्डरात असतं आणि ब्रांचवार परवानग्या त्यावरच चालतात. हुक्सपाथ दुसरीकडे वळवलात तर ते हुक बाजूला पडेल आणि ज्याला एखाद्या ब्रांचवर लिहिण्याची मुभा नाही तोही लिहून जाईल.

हुक आजपासून पुढचं बघेल. मागच्या साठ रेपोंचं काय? त्यांची पुशवेळ गेली ती गेली. तिथे कमिटर डेटवर समाधान मानायचं. प्रत्येक रेपोत 'फॉर-ईच-रेफ' चालवा, फक्त रेफ्स-हेड्सपुरतं, उलट्या कमिटरडेटने लावून, काउंट १, आणि फॉरमॅटमध्ये कमिटरडेट आयएसओ८६०१ रूपात. जे एक ओळ उत्तर येईल ते लास्ट-मॉडिफाइडमध्ये. सगळ्या ब्रांच का घ्यायच्या, नुसती मेन का नाही? कारण निम्मं काम बाजूच्या ब्रांचवर चालतं. साठ रेपोंचा हा फेरा मिनिटभरात होतो. हा फेरा गिटच्याच युजरने चालवा, रूटने नाही. गिट २.३५.२ पासून दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत शिरायला गिट नकार देतं, आणि रूटने बनवलेल्या फाइली उद्या हुकला बदलताही येणार नाहीत.

या फेऱ्यात एखादा रेपो भविष्यातली तारीख घेऊन उभा राहील, तयारी ठेवा. कमिटची वेळ कमिट करणाऱ्याच्या लॅपटॉपवरून येते, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत जुन्या लॅपटॉपातला तो नाण्याएवढा सेल कधी मान टाकेल सांगता येत नाही. माझ्याकडे मालवणच्या एका रेपोत २०३६ सालचा कमिट आहे. कमिट बदलायचा तर पुढचा सगळा इतिहास बदलतो, त्यामुळे तो तसाच आहे. फेरा मारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अशा रेपोपुरतं काउंट १ काढा आणि एवढंच सांगा की आलेली वेळ आत्तापेक्षा पुढची असेल तर ती सोडून खालची घे.

पुशवेळेलाही एक खोट आहे, ती सांगायला हवी, कारण मी ती अनुभवली. तीही मालवणलाच. तिथला सर्व्हर म्हणजे रास्पबेरी पाय ४ होता. स्वस्त, आवाज नाही, इन्व्हर्टरवर ताण नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं, झाडं तारांवर पडली, कितीतरी दिवस लाईट नव्हती. लाईट आली तेव्हा इंटरनेट आलं नव्हतं. पाय ४ ला स्वतःचं घड्याळच नसतं. वीज जाते तेव्हा वेळ जाते, आणि सुरू होताना तो शेवटच्या वेळी टिपून ठेवलेली वेळ धरून पुढे चालतो, नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत. ऑफिसातली पोरं लोकल नेटवर्कवरून पुश करत राहिली आणि हुक इमानेइतबारे वादळाच्या दिवसाची तारीख लिहीत राहिला. नेट आल्यावर घड्याळ एकदम पुढे उडालं आणि पान बघणाऱ्याला वाटलं, वादळानंतर कुणी कामच केलेलं नाही. आता तिथे घड्याळाचा एक छोटा मॉड्यूल आणि त्यात सेल बसवलाय. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, आणि ती घेतली नाही तर परिस्थिती तीच. तुमची नवी मशीन साधा पीसी असेल तर ही काळजी नाही, फक्त तिचा सेल बघून ठेवा.

बाहेरच्या प्रकल्पांच्या नकला ठेवल्या असतील, क्रॉनमधून रात्री 'फेच' होणाऱ्या (बाहेरचे नवे बदल ओढून घेणाऱ्या), तर तिथे हा हुक चालणारच नाही, कारण पोस्ट-रिसीव्ह पुशवर चालतो, फेचवर नाही. आणि चालला असता तरी उपयोग नव्हता. रोज रात्री फेच होतो म्हणून रोज सकाळी 'आठ तासांपूर्वी' दिसलं तर त्यातून कळणार काय? अशा रेपोंना कमिटर डेटच योग्य. क्रॉनमध्ये फेचच्या पुढच्याच ओळीला वरचा फॉर-ईच-रेफ लावून टाका. गिट २.२८ पासून 'रेफरन्स-ट्रान्झॅक्शन' नावाचा हुक आहे, तो कुठल्याही मार्गाने रेफ बदलली तरी चालतो. पण तो एकाच बदलाला दोन-तीनदा हाक मारतो, आणि त्यातली 'कमिटेड' अवस्थेची हाक तेवढी धरावी लागते. क्रॉनच्या एका ओळीपुढे एवढी यातायात मला पटत नाही.

सीगिट सोडून गिटवेबवर जाऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. गिटवेब ही वेळ फाइलींवरून काढत नाही. प्रत्येक रेपोला खरोखर विचारतं, सर्वांत ताजी कमिटर डेट घेतं. त्यामुळे मास्टर-मेनचा हा घोळ तिथे होत नाही, पण साठ रेपोंसाठी पानागणिक साठ वेळा गिट चालतं आणि पान येईपर्यंत चहा होतो. शिवाय तीही कमिटचीच तारीख, पुशची नाही. म्हणजे गुहागरच्या माणसाचा शुक्रवार तिथेही शुक्रवारच राहणार. नका जाऊ.

एक जोडकाम सुचवतो, हुक लावताना हाताबरोबर होऊन जाईल. सर्व्हरच्या गिट कॉन्फिगमध्ये 'कोअर डॉट लॉग-ऑल-रेफ-अपडेट्स' ट्रू करून ठेवा. मग बेअर रेपोतही रेफलॉग लिहिला जातो, म्हणजे प्रत्येक ब्रांच कधी, कुठून कुठे हलली त्याची नोंद. लास्ट-मॉडिफाइड फाइलीत फक्त शेवटची वेळ असते, रेफलॉगात मागच्याही. कुणी चुकून फोर्स-पुश करून दुसऱ्याचं काम उडवलं तर जुना हॅशही तिथेच सापडतो. नोंदी कायम राहत नाहीत, जीसी त्या मुळात ९० दिवसांनी झाडतं, आणि ज्या नोंदींतले कमिट आता त्या ब्रांचवर नाहीत त्या ३० दिवसांनी.

सगळं झाल्यावर पहिल्या पानावर 'आयडल' या शीर्षकावर क्लिक करा, यादी ताज्याकडून शिळ्याकडे लागेल. कायम तशीच हवी तर कॉन्फिगमध्ये 'रिपॉझिटरी-सॉर्ट' ला 'एज' लिहा. तुमच्याकडे साठ रेपो आहेत आणि सीगिट एका पानावर मुळात ५० च दाखवतं, तेव्हा 'मॅक्स-रेपो-काउंट' १०० करा, नाहीतर शेवटचे दहा दुसऱ्या पानावर जातील आणि पुन्हा कुणीतरी विचारेल, आमचा रेपो गेला कुठे.